बारा अंशांची पेटी

थर्मोकोलचा तक्ता वाऱ्यावर उडाला तेव्हा आस्ताला राग आला तो स्वतःचाच. स्वेनबोर्गच्या बंदरावर लहानाची मोठी झालेली, त्यातून शिडं शिवण्याच्या कारखान्यात काम करणारी मुलगी, आणि दाराएवढा तक्ता सायकलच्या पुढच्या सामानाच्या पेटीत उभा ठेवते? वाऱ्याला एवढं आमंत्रण पुरे झालं. त्याने तक्ता अलगद उचलला, धक्क्यावर दोन गिरक्या घेतल्या आणि मासळीच्या दुकानातून बाहेर पडणाऱ्या एका तरुणाच्या तोंडावर नेऊन आदळला.

तरुणाच्या हातात बर्फाने भरलेला ट्रे होता. तो त्याने सोडला नाही. तक्त्यामागून आवाज आला,

"दुकान बंद झालंय. पण इतक्या आग्रहाने कोणी आलं की नाही म्हणवत नाही. काय देऊ?"

"माझा थर्मोकोल," धापा टाकत आस्ता म्हणाली.

"देतो की. अख्खा, की तुकडे करून?"

माफी मागायला उघडलेल्या तोंडातून हसू बाहेर पडलं. तक्ता बाजूला झाला आणि मागे करड्या डोळ्यांचा, उन्हाने नाक सोललेला चेहरा दिसला. भुवईवर माशाचा एक खवला चमकत होता. तो काढून टाकावा असं तिला फार वाटलं… पण ओळख ना पाळख, हात आवरलेला बरा.

"एक कोपरा तुटलाय," तो म्हणाला. "माझं नाक जरा टणक आहे."

"कोपऱ्याचं चालेल. पहिला तक्ता तर गोंदानेच खाल्ला."

"म्हणजे?"

आणि मग तिने सांगितलं. कारखान्यातला गोंद तिने विश्वासाने वापरला होता. जो गोंद वादळात शीड धरून ठेवतो, तो थर्मोकोलला काय जड, असं तिला वाटलं. सकाळी उठून पाहते तर थर्मोकोलची लापशी झालेली. तो मोठ्याने हसला नाही, फक्त ओठ घट्ट मिटून समुद्राकडे पाहत राहिला. हे जास्त वाईट होतं.

"हस बाबा एकदाचा."

"नको. बर्फ सांडेल." मग त्याने विचारलं, "पण करतेयस काय? शवपेटी?"

"थंड पेटी. बिअरसाठी."

त्याचं नाव एस्बेन. राहणारा देशाच्या पार वरच्या टोकाचा, स्कागेनचा. तिथे मासळीच्या लिलावात कामाला होता. आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून उन्हाळाभर तिचं दुकान सांभाळायला आला होता, आणि एक ऑगस्टला परत जाणार होता. हे सगळं त्याने तक्ता सायकलला बांधता बांधता सांगितलं. गाठ त्याने चांगली मारली. आस्ताच्या धंद्यात माणसाची परीक्षा गाठीवरूनच होते.

बिअर आजोबांसाठी होती. आक्सेल आजोबांनी गावातल्या बिअरच्या कारखान्यात चाळीस वर्षं काढली. कारखाना बंद पडला आणि आजोबा एकदम म्हातारे झाले. येत्या तेवीस ऑगस्टला ते ऐंशी वर्षांचे होणार होते, आणि त्या दिवशी आपल्या हातची पिल्सनर बिअर त्यांच्यापुढे ठेवायची असं आस्ताने मनाशी ठरवून टाकलं होतं. मे महिन्यात एक खेप करूनही पाहिली होती. पण तिची खोली चौथ्या मजल्यावर, थेट कौलांखाली. पिल्सनरच्या यीस्टला लागतो बारा अंशांचा गारवा, आणि तिथे सव्वीस. यीस्ट पिसाळलं. बिअरला पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांचा वास येऊ लागला. आजोबांनी अख्खा ग्लास शांतपणे संपवला, तोंड पुसलं आणि म्हणाले, "ग्लास छान आहे."

"फक्त ग्लास?" एस्बेनने विचारलं.

"फक्त ग्लास. त्या रात्री मी उशीत तोंड खुपसून रडले. हसायचं नाही."

तो या वेळी खरंच हसला नाही. "मग पेटीत गारवा कुठून येणार?"

"बर्फाच्या बाटल्यांनी. सकाळी दोन बदलायच्या, संध्याकाळी दोन." ती थांबली. "फक्त… माझ्या फ्रिजच्या बर्फाच्या खणात वाटाण्याचं एक पाकीट मावतं."

दोघांनीही एकाच वेळी दुकानाच्या मागच्या भल्याथोरल्या फ्रीझरकडे पाहिलं.

"बाटल्यांना मासळीचा वास येईल," तो म्हणाला.

"बिअरचं पिंप बंद असतं."

"चौथा मजला म्हणालीस?"

"चौऱ्याऐंशी पायऱ्या."

"आणि मला काय मिळणार?"

"पहिली बाटली तुझी," आस्ता म्हणाली. "आजोबांच्याही आधी."

पेटी तिने एकटीने केली. एस्बेन मदतीला आला होता, पण त्याला तिने टेप फाडून द्यायच्या कामावर बसवलं. पाच सेंटीमीटर जाडीचे तक्ते, या वेळी थर्मोकोल न खाणारा गोंद, आणि सांध्यांवर शिडाला लावतात ती पट्टी. मधोमध भिंत. भिंतीपलीकडे बर्फाचा छोटा कप्पा, त्याला वेगळं दार. भिंतीला दोन भोकं आणि एका भोकात जुन्या संगणकाचा पंखा. पिंपाच्या पोटाला चिकटवलेली तापमान मोजणारी तार. बारा अंशांच्या वर गेलं की पंखा सुरू होऊन गार हवा आत ढकलायचा, उतरलं की गप्प बसायचा. वर तापमान दाखवणाऱ्या यंत्राचा लाल आकडा चमकत असे.

"मोठं दार उघडायचं नाही," तिने बजावलं. "तू फक्त छोटं उघडायचं."

"आणि मोठं उघडलं तर?"

"आजोबा पुन्हा ग्लासाचं कौतुक करतील."

झाकणावर तिने एक कागद चिकटवला. तारीख, वेळ, अंश. जुलैच्या पहिल्या रविवारी वीस लिटरचं पिंप आत गेलं, आणि सोमवारी सकाळी सातला दारावर टकटक झाली.

रोज सकाळी सात, रोज संध्याकाळी सहा. एस्बेन कुशीत बर्फाच्या दोन बाटल्या घेऊन यायचा, बाळं घेऊन आल्यासारखा. शर्टाची छाती ओलीगच्च झालेली असायची. बाहेर सारं गाव उन्हात वितळत होतं, आणि आस्ताच्या खोलीत दोन माणसं गुडघे टेकून एका पेटीपाशी कान लावून बसत. नळीतून बुडबुडा निघायचा… गुळुक.

"श्वास घेतेय," तो कुजबुजायचा.

"घेतोय. यीस्ट पुरुष आहे."

"कशावरून?"

"थोडं गरम झालं की डोकं फिरतं त्याचं."

आधी तो बाटल्या ठेवून निघून जाई. मग पाण्याचा ग्लास आला. मग कॉफी. मग आत्याने पाठवलेल्या मासळीच्या टिक्क्या आणि राय धान्याच्या पावाचे तुकडे. एकदा बाटली देताना त्याची बर्फासारखी बोटं तिच्या मनगटाला लागली आणि ती दचकली. "गार आहेत का?" त्याने विचारलं. "नाही," ती म्हणाली, आणि कागदावर बाराच्या जागी एकवीस लिहून बसली. त्याने पाहिलं. पायऱ्या उतरताना तो शीळ घालत होता, ती तिला चार मजले ऐकू आली.

आणि तेव्हापासून आस्ताला एक घोर लागला. बिअर व्हायची म्हणून जी मुलगी दिवस मोजत होती, तीच आता बिअर व्हायची म्हणून घाबरायला लागली. कारण हिशेब सरळ होता. बिअर झाली की बर्फ नको. बर्फ नको, म्हणजे टकटक नको. आणि एक ऑगस्ट आला की गाडी स्कागेनला.

यीस्टला माणसाच्या मनातलं काय कळणार? ते शहाण्यासारखं सोळा दिवसांत आपलं काम उरकून तळाशी जाऊन बसलं. बावीस तारखेच्या मंगळवारी, एस्बेन येऊन गेल्यावर, आस्ताने बिअर चाखली. स्वच्छ, कोरडी, जिभेवर कडवट गार रेघ. ती खोलीच्या मधोमध उभी राहून एकटीच हसली. दुपारी चाळीस बाटल्या भरून पलंगाखाली सरकवल्या, चादर जमिनीपर्यंत ओढली. पंखा आणि यंत्र बंद केलं.

संध्याकाळी सहा वाजायला पाच मिनिटं कमी असताना तिने पिंप नळाखाली धरलं, साध्या पाण्याने भरलं आणि पुन्हा पेटीत ठेवून दिलं.

कागदावर लिहिलं – बारा.

त्याच रात्री पाऊस आला. उकाडा असा गेला की लोकांनी स्वेटर बाहेर काढले. तरी एस्बेन सकाळी सातला दारात हजर, कुशीत दोन बाटल्या, केसांतून पाणी गळतंय.

"आज गार आहे बाहेर," तो म्हणाला.

"यीस्टचं काही सांगता येत नाही," ती म्हणाली.

"नाही ना," तो म्हणाला, आणि गुडघे टेकून छोटं दार उघडलं.

नऊ दिवस हे चाललं. बारा, बारा पूर्णांक एक, अकरा पूर्णांक नऊ. खोटं लिहायचं तर थोडं खालीवर लिहावं, एवढी अक्कल तिला होती. रोज रात्री ती ठरवायची, उद्या सांगायचं. सकाळी टकटक झाली की ठरवलेलं सगळं पायऱ्यांवरून घरंगळत खाली जायचं. सांगितलं असतं तर काय, तो 'अरे वा' म्हणाला असता, बाटली घेतली असती, हात हलवून गेला असता. आणि ती माणसाला थांब कशी म्हणणार होती? कुठल्या नात्याने? बर्फाच्या?

एकतीस जुलैच्या संध्याकाळी सहाला टकटक झाली. दारात एस्बेन होता. हात रिकामे.

"बर्फ?" आस्ताने विचारलं.

"नाही आणला. आज पहिली बाटली न्यायला आलोय. बोली झाली होती."

"अजून… म्हणजे अजून झालेली नाही."

"थोडी चाखू दे तरी." आणि ती काही बोलायच्या आत त्याने फळीवरचा ग्लास घेतला, पेटीपाशी बसला आणि मोठं दार उघडलं. त्याने पिंपाची तोटी फिरवली, ग्लास भरला, उजेडात धरला. पाणी. त्याच्यातून त्याचा डोळा स्वच्छ दिसत होता. मग त्याने सावकाश, घोट घोट घेत, तो अख्खा ग्लास संपवला आणि तोंड पुसलं.

"ग्लास छान आहे," तो म्हणाला.

आस्ता जमिनीवर बसली. दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "पाणी कालच बदललंय," ती हातांमागून म्हणाली, दुसरं काही सुचलंच नाही.

"उपकार झाले."

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच संध्याकाळी. यंत्राचा आकडा विझलेला आणि कागदावर बारा." तो तिच्यासमोर येऊन बसला. "शिवाय पलंगाखालून बाटल्यांची किणकिण. तू चाललीस की होते."

"मग नऊ दिवस बर्फ कशाला आणलास? भर पावसात?"

"बोललो असतो तर येणं बंद झालं असतं."

ती बोटांच्या फटीतून त्याच्याकडे पाहत राहिली. मग हात खाली घेतले. "एस्बेन, मला तू जायला नको आहेस. मी बिअर लपवली, कागदावर खोटं लिहिलं, आणि तू थांबणार असशील तर आणखी महिनाभर पाणी थंड करेन. मला तू आवडतोस. फार."

बाहेर बोटीचा भोंगा वाजला.

"मी सोमवारीच स्कागेनला कळवलंय," तो म्हणाला. "येत नाही म्हणून."

"आणि आत्याचा गुडघा?"

"आत्या पंधरवड्यापासून सायकल चालवतेय. दुकानात मी आता आहे तो तिला आवडतो म्हणून, आणि…" तो अडखळला. "आणि चौऱ्याऐंशी पायऱ्यांसाठी."

आस्ताने हात पुढे केला आणि त्याच्या भुवईवरचा खवला काढला. आजही एक होताच. मग हात तिथेच राहिला, आणि पुढचं सांगायची गरज नाही.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "पण माझी बाटली?"

"फेस धरायला अजून दोन आठवडे लागतील."

"थांबतो," एस्बेन म्हणाला.

तेवीस ऑगस्टला आजोबांच्या अंगणात टेबलावर वाढदिवसाचे छोटे झेंडे लावले होते. थंड पेटी एस्बेनने पाठीवर वाहून आणली होती आणि तिच्यात या वेळी बर्फात रुतवलेल्या बाटल्या होत्या. पहिली बाटली ठरल्याप्रमाणे त्याने आधीच रिकामी केली होती. चव कशी होती ते काही केल्या सांगायला तयार नव्हता. आधी आजोबा, असं म्हणायचा.

आस्ताने ओतली. सोनेरी रंग, वर दोन बोटं पांढरा फेस. आजोबांनी वास घेतला. डोळे मिटले. एक घोट, मग दुसरा. चाळीस वर्षं ज्या माणसाने दुसऱ्यांसाठी बिअर केली, तो बागेतल्या खुर्चीत बसून आपल्या नातीची बिअर पीत होता. टेबलाखाली एस्बेनने आस्ताचा हात धरला. तो हात गार होता, आज तिचा.

"ग्लास…" आजोबा म्हणाले.

आस्ताने एस्बेनचा हात घट्ट दाबला.

"…रिकामा झालाय," आजोबा म्हणाले, आणि तो पुढे केला. त्यांचे डोळे ओले होते, पण ते त्यांनी उन्हावर ढकललं असतं, म्हणून कोणी काही विचारलं नाही. एस्बेन दुसरी बाटली आणायला केव्हाच पेटीकडे निघाला होता.