नागू भंडाऱ्याचा नकार

पूर्वेला तांबडं फुटलं, तेव्हा खाडीच्या मुखावरला मांडवेकोट अजून धुमसत होता. तट ढासळलेले, खंदकात प्रेतांचा खच, आणि त्या रक्ताळल्या चिखलात फिरंगी कोण नि मराठा कोण ते ओळखू येऊ नये अशी गत! अखेर फिरंग्यांनी शरणागतीचं पांढरं निशाण चढवलं आणि कोटाच्या किल्ल्या स्वीकारण्यासाठी सरदार अंबाजीराव दळवी निवडक धारकऱ्यांनिशी आत शिरले.

त्यांच्या पाठीशी नागू भंडारी होता. दुभाषा आदल्या दिवशीच्या हल्ल्यात पडला, म्हणून याला आणलेला. ऐन तारुण्यात हा फिरंग्यांच्या जहाजावर वल्ह्याला जखडलेला गुलाम. त्यांची बोली त्याला अक्षरन्‌अक्षर कळे; बोलायचं म्हटलं की मात्र दातखीळ बसे. बसणारच! गुलामानं तोंड उघडलं की तिथं पाठीवर कोरडा उडायचा.

फिरंगी कप्तानानं चांदीच्या तबकातून किल्ल्या पुढं केल्या आणि हसतमुखानं पाठीमागच्या बुरुजाकडं पाहून तो काही बोलला.

“आमची तारीफ करतो की काय रे, नागू?” अंबाजीरावांनी विचारलं.

पण नागूनं ऐकलं ते वेगळंच होतं. कप्तान म्हणाला होता, ‘तोफेत छर्रे भरून दडून राहा. मी बाजूला होऊन हाळी दिली, की बत्ती द्या!’ तोंडात साखर आणि पोटात सुरी!

‘दगा’ म्हणून मराठीत ओरडावं, तर कप्तान उडी मारून हाळी देणार. मग आडोशाला दडलेल्या गोलंदाजालाच त्याच्या बोलीत हुकूम दिला तर? तो क्षणभर थबकला, तरी धन्याला ओढून कमानीआड नेता येईल. कप्तानानं मिठीसाठी हात पसरले. नागूनं सारा जीव जिभेवर आणला.

“फोगो...” जीभ अडखळली. “नाओ!”

‘फोगो’ म्हणजे आग, बत्ती द्यायचा हुकूम! पुढचा शब्द ऐकायला गोलंदाज थांबलाच नाही. तोफ कडाडली. कप्तानाची पाठ फाटली, तबक उडालं, धारकरी पटापट कोसळले आणि अंबाजीराव पोट धरून खाली बसले.

“दगा! हाणा, कापा!” मराठे चवताळून बुरुजावर चढले. गोलंदाजाला त्यांनी तोफेवरच तोडला. कप्तानच मेल्यावर लढणार कोण? उरलेल्यांनी हत्यारं टाकली.

“नागूनं कप्तानालाच तोफेच्या तोंडी दिला! शाबास रे वाघा!” चहूकडं गजर झाला.

अंबाजीरावांचं डोकं नागूच्या मांडीवर होतं. “खरं सांग, काय ओरडलास?”

“बत्ती देऊ नका म्हटलं, सरकार.”

“मग दिली कशी त्यानं?”

नागूला हुंदका फुटला. “फिरंगी ‘नाओ’, म्हणजे ‘नको’, आधी म्हणतो, सरकार. मी आपल्यासारखं शेवटी म्हटलं हो!”

अंबाजीरावांनी त्याचा हात घट्ट धरला. “कोट आपला झाला. हे कुणाला सांगू नको,” एवढं बोलून त्यांनी प्राण सोडला.

दुपारी कोटावर भगवा चढला. नागूच्या हातात सोन्याचं कडं घातलं गेलं, तेव्हा तो मान खाली घालून उभा राहिला. लोक म्हणाले, एवढा पराक्रम केला, पण गर्व म्हणून नाही!