तळहाताएवढी साक्ष

जुन्या गाडीला रंग देणं म्हणजे म्हाताऱ्याचे केस काळे करणं. केलंय हे कळता कामा नये, असं रंगारी थट्टेने म्हणायचा. वाहनांच्या संग्रहालयात त्याने घोड्याच्या ट्रामपासून दुमजली बसपर्यंत सगळ्यांचं तारुण्य परत आणलं होतं. नियम एकच. प्रत्येक गाडीत आतल्या बाजूला तळहाताएवढा जुना रंग तसाच सोडायचा, मूळ काय होतं ते पुढच्यांना दिसावं म्हणून. त्या तुकड्याला तिथे सगळे ‘साक्ष’ म्हणत.

भुयारी रेल्वेचा तो डबा आला आणि त्याची थट्टा आटली. नंबरावरूनच त्याने डबा ओळखला. वीस वर्षांपूर्वी बोगद्यात धूर कोंडला, तेव्हा हाच डबा आत अडकला होता. त्याची मुलगी त्याच गाडीने निघाली होती, आईशी भांडून. धूर ओसरला तर डबा रिकामा. ती आधीच्या स्टेशनवर उतरली असणार, असं रेल्वेवाले म्हणाले आणि आईने तेवढं वाक्य घट्ट धरून ठेवलं. रुसून गेलीय, राग गेला की येईल. शिवणाच्या मशिनवर बसून ती हे गिऱ्हाइकांनाही सांगायची. रंगारीही त्याच आशेवर दिवस ढकलत होता.

डबा दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला त्याचं मन धजेना. त्याने रंग खरवडला, खड्डे बुजवले, फिकट पिवळ्या रंगाचे हात दिले. साक्ष दाराजवळच्या सीटमागे, खिडकीला लागून सोडली.

सोमवारी ती ताटाएवढी झाली होती.

आपलंच काम कच्चं राहिलं म्हणून स्वतःला शिव्या घालत त्याने पुन्हा हात दिला. तोही गेला. सोललेला पापुद्रा नाही, की खाली भुगा नाही. संग्रहालय सांभाळणाऱ्या बाई येऊन बघून गेल्या. साक्ष सोडायला सांगितली होती, तुम्ही अख्खी भिंत सोडताय काका, म्हणाल्या. दमट हवेचं कारण त्याने पुढे केलं आणि बाईंना ते पटलं. त्याला स्वतःला पटलं नाही, कारण उघड्या पडलेल्या जागेच्या कडेने काजळी धरली होती आणि डब्यात धुराचा वास येत होता.

मग काजळी पसरली आणि मधल्या स्वच्छ जागेला आकार आला. सीटवर बसून, काचेला डोकं टेकलेल्या माणसाचा.

त्याचं अन्नावरचं मन उडालं. बायकोने चार दिवस पाहिलं आणि एका दुपारी त्याच्या मागोमाग डब्यात चढली.

ती भिंतीवरच्या आकारासमोर जाऊन उभी राहिली. मग शिंपिणीच्या सवयीने तिने मानेपासून खांद्यापर्यंत वीत लावली. दुसऱ्या बाजूलाही लावली.

“उजवा खांदा उतरता आहे,” ती म्हणाली. “तिच्या प्रत्येक कपड्याला मी तिथे आतून पट्टी लावायची. अहो, ही उतरलीच नाही.”

तो ढसाढसा रडला. ती रडली नाही.

“झाका आता. किती दिवस उघडी ठेवायची तिला?”

त्याने हात दिले, तिने डबडं धरलं. एकावर एक, जाड. या वेळी साक्षसुद्धा ठेवली नाही.

दुसऱ्या सकाळी दोघं मिळून बघायला आली. भिंत एकसारखी, गुळगुळीत. काजळी नाही, वास नाही. बायकोने तिच्यावरून हात फिरवला. संपलं एकदाचं, असं त्याला वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

निघताना तिला खिडकीच्या काचेवर डाग दिसला. तिने तो बाहीने पुसला.

डाग नव्हता. वाफ होती. नव्या रंगाला लागून, टेकलेल्या तोंडाच्या उंचीवर, एक छोटा गोल.

दोघांनी आपापले श्वास रोखून धरले.

गोल पुन्हा उमटला. विरला.

पुन्हा उमटला, आधीपेक्षा लहान.