बर्निनाचा बोगदा

लाइट गेली ना? मग मिटा ती पुस्तकं. यूपीएससी काही पळून जात नाही. सुजय, दार लोटून घे. आणि देवयानी, मध्येच 'काका, हे शक्यच नाही' म्हणायचं नाही. हे जयेश कर्णिकनं मला स्वतःच्या तोंडानं सांगितलंय. तो माणूस खोटं बोलण्यात पटाईत, पण हे खोटं नाही.

सन शहाण्णव. दहा डिसेंबर, मंगळवार, अवस. रात्री पावणेअकराला जयेश गुडगावात आपल्या बिल्डर कंपनीच्या सॅम्पल बंगल्यावर निघाला. काम साधंच. खिशात पॉलिश पेपर, पिशवीत पांढऱ्या रंगाची डबी. सकाळी दहाला कंपनीशी करार करायला स्विस पाहुणे यायचे होते, त्याआधी दोन अक्षरं आणि एक साल खरवडायचं होतं.

अक्षरं कुणाची? अंबादास टिपणीसची. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरात माझ्या खालच्या मजल्यावर राहणारा सरकारी ड्राफ्ट्समन. एकाहत्तर साली सरकारनं त्याला पंधरा दिवस स्वित्झर्लंडला धाडलं, आणि तिथल्या बर्निना रेल्वेनं त्याला जे झपाटलं ते कायमचं. आल्प्सच्या बर्फातून जाणारी ती लाल गाडी त्यानं क्वार्टरच्या मागच्या खोलीत, खोलीभर टेबलावर, नोकरीची शेवटची नऊ वर्षं खपून उभी केली. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी, तिच्यावर पुण्याहून टपालानं येणारी जुनी वर्तमानपत्रं, वर प्लास्टर, झाला डोंगर. गोल वळसा घेऊन स्वतःच्याच खालून जाणारी पुलावरची लाइन, हातभर लांब बोगदा. टेबलाच्या मधोमध माणूस उभा राहील एवढं भोक. खालून रांगत तिथे जायचं आणि गाडी चालवायची. तिकडे बोगद्याच्या तोंडावर बांधल्याचं साल कोरतात, म्हणून यानंही कोरलं: अं. टि., १९९४. जन्मात त्या माणसानं कुठे आपलं नाव लावलं असेल तर तिथेच.

त्याच वर्षी तो रिटायर झाला आणि क्वार्टर सोडायची वेळ आली. भाड्याच्या दीड खोलीत आल्प्स मावणार कसा? समोरच्या ब्लॉकमधला जयेश सरकारी नोकरी सोडून नुकताच बिल्डरकडे लागला होता. म्हणाला, काका, बिल्कुल काळजी करू नका, आमच्याकडे जागाच जागा आहे, तुमचं घर होईपर्यंत सांभाळतो. आता अंबादास म्हणजे शिपायाला पेन्सिल दिली तरी सही घेणारा माणूस. पण परमुलखात आपला मराठी मुलगा, समोर लहानाचा मोठा झालेला, त्याच्याकडून कागद कसा लिहून घ्यायचा? लाज वाटली त्याला. नाही घेतला. तिथेच माशी शिंकली.

जयेशनं ते सगळं सॅम्पल बंगल्याच्या दिवाणखान्यात मांडलं आणि समोर पितळी पाटी ठोकली: 'रचना – जयेश कर्णिक'. साहेब खूश, जयेश मॅनेजर. अंबादासला कळलं तेव्हा तो जानेवारीच्या धुक्यात बस बदलत बदलत गुडगावला गेला. जयेश आतच होता. खिडकीतून त्यानं बघितलंसुद्धा. गेटवरच्या श्यामला म्हणाला, नहीं है बोल दो. म्हातारा तीन तास गेटबाहेर उभा होता. न्यूमोनिया झाला, आठव्या दिवशी गेला. जाण्याआधी बायकोला, सरलावहिनींना, एवढंच म्हणाला, "मी त्याला उभा करीन." मी होतो तिथे. भांडखोर नव्हता हो तो, पण त्याचे डोळे बघून मला भीती वाटली.

तर अवसेची ती रात्र. श्यामनं कुलूप उघडलं आणि तो आपल्या शेकोटीकडे परत गेला. जयेश टेबलाखालून रांगत भोकात शिरला, उभा राहिला. पॉलिश पेपर तीन बोटांत धरून घासायला लागला. 'अं' गेलं. 'टि' गेलं. जिवाला बरं वाटलं. उद्या कुणी काही विचारणार नाही, करार होईल, आणि हे सगळं कायमचं आपलं होईल.

मग लाइट गेली.

गुडगावात तेव्हा रोजच जायची. त्यानं टॉर्च लावला. साल घासायला घेतलं. आणि... गाडी निघाली.

वीज नाही. बटणाला हात नाही. इंजिनाचा मुगाएवढा दिवा हलला. पुलावरून वळसा. त्याच्याभोवती फिरली. एकदा. दोनदा. मग बोगद्यात शिरली.

बाहेर आलीच नाही.

चाकांचा आवाज मात्र चालू. लांब लांब जाणारा. अरे, हातभर बोगदा तो! लांब जाणार कुठे?

जयेशला वाटलं, अडकली असेल. माणूस घाबरला की त्याला असलंच शहाणपण सुचतं. त्यानं उजवा हात आत घातला. कोपरापर्यंत.

आत गार होतं. प्लास्टर लागेना. भिंत लागेना. नुसता वारा...

आणि कुणीतरी बोटं धरली.

ओढली नाहीत. पिरगळली नाहीत. नुसती धरली.

"जयेश," आतून आवाज आला. खोकून खोकून बसलेला. "आता तू उभा राहा."

त्यानं ओरडायला तोंड उघडलं... आवाज फुटेना. टॉर्च विझला. बारा वाजले. एक. तीन... हात सुटेना. गुडघे वाकेनात.

सकाळी सहाला श्याम चहाचं विचारायला आला. साहेब भोकात ताठ उभे, हात बोगद्यात. श्यामनं धरून ओढला तर अलगद निघाला. कुठे काही अडकलेलं नव्हतं. गाडी आपली स्टेशनात उभी होती.

पाहुणे आले तेव्हा जयेश इस्पितळात होता. करार झाला की नाही, मी विचारलं नाही. तिथला डॉक्टर फौजेतून रिटायर झालेला. तीन बोटं काळीठिक्कर पडलेली बघून म्हणाला, "ये तो बर्फ की मार है. कौन सी चौकी पर थे?"



मी मुद्दाम वर्तमानपत्र काढून बघितलं. त्या रात्री पारा सात अंशांवर होता. सातला वाटीतलं पाणीसुद्धा गोठत नाही. तुम्ही म्हणाल, फार वाईट झालं. मला नाही वाटलं वाईट, खोटं कशाला बोलू? अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं, पॉलिश पेपर धरला होता तीच, कापावी लागली. त्याच हाताची उरलेली दोन चांगली गरम होती.