परस्पर दिलेली खोली

"ताई, असाल तशा निघून या. वर पाहुणे येऊन बसलेत, आणि मी त्यांना बोलावलेलंच नाही."

वहिनीचा फोन. मागे गाड्यांचा आवाज येत होता, म्हणजे बाई फाटकाबाहेर उभी राहून बोलत होती. त्या घरात रेंज नाही. जाड दगडी भिंती, त्यात घर उतारावर खाली. कुठल्याही कंपनीचं कार्ड घाला, फाटक ओलांडलं की फोन मुका.

घरचे सगळे पाठीमागे जिला शंकाबाई म्हणतात, ती पायात चपला सरकवून निघाली. नाव काही उगाच पडलेलं नव्हतं. विमा कंपनीत नोकरी, काम नुकसानीचे दावे तपासायचं. जळलेल्या दुकानात गेलं की आधी मालकाचा चेहरा बघायचा आणि मग राख, ही खोड निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. भाऊ होता तेव्हा तो तोंडावर चिडवायचा.

भाऊ गेला आणि वहिनीने वरची खोली पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. बुकिंग एका अ‍ॅपवरून यायचं, ते तिची सूनबाई बघायची. फाटकाच्या खांबावर किल्लीची पेटी. पाहुण्याने अ‍ॅपवर आलेला आकडा फिरवायचा, किल्ली घ्यायची आणि बाजूच्या जिन्याने वर जायचं. कोण आलं, कोण गेलं, खालच्यांना चेहराही दिसत नसे. पण घर चालत होतं ते त्या एका खोलीवर.

स्वयंपाकघरात वहिनी एका कोपऱ्यात, सूनबाई दुसऱ्या. सूनबाईचे डोळे सुजले होते. दाराशी तिची बॅग भरून ठेवलेली होती.

"काय म्हणतो तो माणूस?" शंकाबाईने विचारलं.

"म्हणतो, मीच त्याला मेसेज केले. अ‍ॅपचं कमिशन कशाला भरता, परस्पर पैसे पाठवा, स्वस्तात देते. त्याने पाठवले म्हणे. आता खोली द्या, नाहीतर हे सगळे मेसेज अ‍ॅपवाल्यांना दाखवतो."

"दाखवले तर?"

"आपली खोली अ‍ॅपवरून काढून टाकतील. परस्पर व्यवहार करणाऱ्याला ते ठेवत नाहीत. मग आम्ही खायचं काय, ताई?"

"मेसेज तुझ्या नंबरवरून गेलेत?"

"नंबर भलताच आहे. पण फोटो माझा, नाव माझं."

फोटो अ‍ॅपवर होताच. तो कोणीही उचलू शकत होतं.

"आत्या, मी नाही केलं," सूनबाई म्हणाली.

"मग कोणी केलं?" वहिनी गर्रकन वळली. "परवा जेवताना कोण म्हणालं, दर दुसरा पाहुणा परस्पर द्या म्हणून मागे लागतो, एकदा हो म्हणून बघू या?"

"मीच म्हणाले. तुम्ही नको म्हणालात, विषय संपला."

"आणि त्या मेसेजमध्ये लिहिलंय, खिडकी जपून ओढा, कडी हातात येते. हे घरातल्या माणसाशिवाय कोणाला माहीत असणार!"

शंकाबाई सूनबाईकडे बघत राहिली. कडीचा मुद्दा बिनतोड होता, आणि खरं सांगायचं तर तिच्याही मनात पाल चुकचुकली होती. तिला स्वतःचाच राग आला. पोरीचा नवरा परगावी नोकरीला, आणि इथे ती एकटी या दोघींच्या तोंडी.

वरच्या खोलीत कडक इस्त्रीच्या शर्टातला एक गृहस्थ खुर्चीत पाय पसरून बसला होता. त्याची बायको फोन उंच धरून या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत फिरत होती.

"इथे रेंजच नाही हो," ती म्हणाली. "मुलांना पोचल्याचं कळवायचंय. वायफायचा पासवर्ड काय?"

"देते थोड्या वेळाने," शंकाबाई म्हणाली आणि पलंगाच्या कडेला टेकली. "फसलात म्हणे तुम्ही."

"पुरते फसलो," गृहस्थ म्हणाला.

"या गावात आधी कधी आला होतात?"

"छे, पहिल्यांदाच."

"घरमालकिणीशी फोनवर बोललात?"

"नाही. नुसते मेसेज."

"किल्लीच्या पेटीचा आकडा, वायफाय, काही कळवलं होतं?"

"काही नाही. मी दारात असेन, एवढंच. म्हणून तर सरळ बेल वाजवली."

तेवढ्यात त्याच्या हातातला फोन टुणटुणला. त्याने अंगठ्याने भराभर काहीतरी लिहून पाठवलं. "ऑफिस," तो कौतुकाने म्हणाला. "सुट्टीतही सोडत नाहीत."

"चालायचंच. बरं, तो नंबर आता लागतो?"

"बंद आहे."

"मग चला पोलिसात. मी येते बरोबर."

गृहस्थाने पाय जवळ घेतले. "पोलीस कशाला? तुमचीच अब्रू जायची. आम्हाला चार दिवस खोली द्या, मी सगळं विसरायला तयार आहे."

माणूस भलताच मोठ्या मनाचा निघाला. शंकाबाई उठून खाली आली.

"वहिनी, वायफायचा पासवर्ड शेवटचा कधी बदललास?"

"नाही बदलला. हे होते तेव्हा यांनी घातलेला तोच आहे. तुम्ही दर वेळी ओरडता, पण माझा हात होत नाही."

"आज नाही ओरडत. चला दोघी वर."

वर गेल्यावर शंकाबाईने दार लोटून घेतलं.

"मी इतकी वर्षं नुकसान झालेली माणसं बघितली," ती गृहस्थाला म्हणाली. "ज्याचं खरंच गेलंय तो गेलेल्याच्या मागे धावतो. तुम्हाला पैशांचं काही नाही, चोराचं काही नाही. तुम्हाला फक्त खोली हवी. तिथेच मला वास आला. आता एवढंच सांगा, मघाशी ऑफिसचा मेसेज आला तो कशावर?"

"माझं कार्ड वेगळं आहे."

"वेगळं कुठलं?" बायको म्हणाली. "आपलं दोघांचं एकाच कंपनीचं आहे."

तिने त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि बघितला. "यावर वायफाय चालू आहे. तुम्हाला पासवर्ड कोणी दिला?"

"तो तर फक्त अ‍ॅपवर जातो, बुकिंग पक्कं झालं की," सूनबाई हळूच म्हणाली.

"म्हणजे तुमचा फोन या घरात आधी राहून गेलाय," शंकाबाई म्हणाली. "घराने पासवर्ड बदलला नाही आणि फोन घर विसरला नाही. तुम्ही आत पाऊल टाकलंत आणि तो आपला आपण जोडला गेला. कडी हातात येते हे घरच्यांना माहीत असतं, तसं राहून गेलेल्या पाहुण्यालाही. चेहरा इथे कोणी बघत नाही, हेही तुम्हाला तेव्हाच कळलं. मग दुसरा नंबर घेतलात, वहिनीचा फोटो लावलात आणि स्वतःच विचारून स्वतःच उत्तरं लिहिलीत. फुकटात चार दिवस. घाबरलेली बाई पुढच्या वेळीही नाही म्हणणार नाही, असाच हिशेब होता ना?"

"मागच्या वर्षी एक पाहुणा होता," सूनबाई म्हणाली. "परस्पर द्या म्हणून सारखा मागे लागला होता. मी ऐकलं नाही, तर जाताना कडीची तक्रार लिहून गेला. त्या बुकिंगवर दुसऱ्याच कोणाचं नाव होतं. दोन पाहुणे."

"हे आधी का नाही सांगितलंस?" वहिनीने विचारलं.

"मला कोणी काही विचारलंच नाही, आई. सरळ ठरवलंत."

"दोन?" गृहस्थाची बायको म्हणाली. "मागच्या वर्षी दौऱ्यावर तुम्ही एकटे गेला होतात." तिने स्वतःच सुटकेस उचलली.

"थांबा," शंकाबाई म्हणाली. तिने त्याच्याकडून ते मेसेज उघडून घेतले, स्वतःच्या फोनवर त्यांचे फोटो काढले, आणि मगच दोघांना जाऊ दिलं. "सूनबाई, अ‍ॅपवाल्यांना आत्ताच सगळं लिहून टाक. त्याच्या आधी आपलं पोचलं पाहिजे."

सूनबाईने खाली येऊन लिहिलं. तिचं होईपर्यंत वहिनी शेजारी उभी होती.

"चुकले मी," वहिनी म्हणाली. "परक्या माणसाचं खरं मानलं आणि तुझं एक अक्षर ऐकलं नाही."

सूनबाईने फोन बाजूला ठेवला. मग म्हणाली, "आई, पासवर्ड आता बदलावाच लागेल. कोणाकोणाच्या फोनमध्ये असेल तो."

वहिनीने नवऱ्याच्या फोटोकडे एकदा बघितलं. मग पदराने डोळे पुसले. "बदल. तुझ्या मनाला येईल तो घाल. मला नाही सांगितलास तरी चालेल."

सूनबाईने नवा शब्द घातला. घरातले सगळे फोन एकदम मुके झाले. मग तिने हात पुढे केला, सासूचा फोन मागून घेतला आणि सगळ्यात आधी त्यात तो घालून दिला.

शंकाबाईने दाराशी ठेवलेली बॅग उचलून आतल्या खोलीत नेली. पोरीने ती नुसती दाखवायला ठेवली असेल अशी तिला सकाळपासून शंका होती. बॅग चांगलीच जड होती.