वायर कोणी काढली?

माझ्या मैत्रिणीच्या, सुरेखाच्या हळदीत मी डीजेची वायर उपटली, तेव्हा आख्खं कर्जत गप्प झाल्यासारखं वाटलं.

"वायर कोणी काढली?" डीजेवाला गाडीवरून उडी मारून आला. घामेजलेलं कपाळ... आणि दोन्ही कानांत कापूस!

"मी! मालनमावशी हळदीची गाणी म्हणतायत. कुणाला ऐकू येत न्हाई."

त्याने कापूस काढला. "काय म्हणलात?"

मला हसूच फुटलं. "स्वतःच कापूस घालता व्हय?"

"डोकं लई दुखतं," तो हळूच म्हणाला. "कुणाला सांगू नका."

नाचणारी पोरं ओरडू लागली. "जनरेटर तापलाय, अर्धा तास लागंल," त्याने ठोकून दिलं आणि माझ्याकडे बघितलं. मावशींनी गाणं धरलं. मांडवाच्या खांबाला टेकून तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. अधूनमधून माझ्याकडे बघत...

त्याचं नाव गोरक्ष. मिरजगावचा. आधी मेसेज, मग फोन, मग चार महिन्यांनी घरच्यांची बोलणी. दोन्हीकडून होकार आला.

तेव्हा मी फोनवर म्हणाले, "आपल्या लग्नात डीजे नको. ड्रोन नको, फोटोसाठी धरणावर पळापळ नको."

तो गडबडला. "पंकजाताई, असं काय म्हणता –"

"ताई?"

"तसं न्हाई हो! पन डीजेवाल्याच्याच लग्नात डीजे न्हाई? मित्र तोंडात शेण घालतील."

"मग मित्रांशीच लग्न करा." मी फोन ठेवला.

दोन दिवस त्याचा फोन नाही. मी हट्टी आहे, पण रडलेसुद्धा.

तिसऱ्या दिवशी मी लिंबं तोडत होते. बांधावर गाडी थांबली.

"सांगितलं मित्रांना," गोरक्ष म्हणाला. "बारा जण रुसलेत. येनार न्हाईत म्हने."

"आणि तुम्ही?"

"मला... वरातीत तुमच्याशी बोलायचंय. आवाजात ते जमत न्हाई."

माझ्या ओच्यातली लिंबं सांडली. तो वेचू लागला, मीही. बोटाला बोट लागलं... दोघांनी एकच लिंबू धरून ठेवलं.

लग्न झालं. बारापैकी पाच जण आलेच. हलगीवाले जरा पुढे निघून गेले, आम्ही मारुतीच्या देवळाकडे चालत होतो. गोरक्ष माझ्या कानाशी वाकला. पण डीजेवर वर्षानुवर्षं ओरडून बोलायची सवय – कुजबूज त्याला कुठली जमणार?

"पंकजा, तू लई आवडती मला!"

सगळ्या गल्लीने ऐकलं. मागच्या बायका खिदळल्या. गोरक्षचा चेहरा हळदीवरूनही लाल झालेला दिसला.

मी पदर सावरला, समोर बघत म्हणाले, "परत म्हणा की..."