वाढीवबाईंच्या समोरची खुर्ची

कचेरीत सगळे त्यांना पाठीमागे 'वाढीवबाई' म्हणत. कोर्टानं एखाद्या गुन्हेगाराला फारच हलक्या शिक्षेवर सोडलं, की ती वाढवून मागणारं अपील करायचं, हे या सरकारी वकीलबाईंचं काम. ते नाव त्यांच्या कानावर आलं होतं. निदान कुणीतरी आपल्याबद्दल बोलतंय, म्हणून त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही.

त्यांची एक खोड होती. मसुदा तयार झाला, की समोर एक खुर्ची ओढायची आणि त्या गुन्ह्यात जीव गेलेलं माणूस तिथं बसलंय असं धरून तो मोठ्यानं वाचायचा. जे त्याच्यासमोर म्हणवत नाही, ते न्यायाधीशांसमोरही म्हणायचं नाही, एवढंच. भुताखेतांवर बाईंचा काडीचाही विश्वास नव्हता.

या खेपेला गेलेली बाई शिवणकाम करायची. नवऱ्यानं तिला जिन्यावरून ढकलून मारलं. 'रागाच्या भरात' म्हणून तो थोडक्या शिक्षेवर सुटला. मसुदा वाचता वाचता बाईंना वास आला, ओलसर कापडावर गरम इस्त्री फिरवल्याचा. खिडकी तर बंद होती. दुसऱ्या दिवशी वासासोबत खुर्चीही कुरकुरली. मग एका सकाळी खुंटीवरच्या काळ्या कोटाचं लोंबणारं बटण घट्ट शिवलेलं मिळालं, बारीक, सुबक टाक्यांनी.

"मी? मॅडम, मला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही," शिपाई हसला.

बाईंनी खरं तर घाबरायला हवं होतं. त्यांना रडू आलं. आई गेल्यापासून त्यांचं बटण कुणी लावलं नव्हतं.

बाई खुर्चीशी बोलू लागल्या. घरी आपण गप्प, भिंती गप्प, हेही सांगून झालं. खुर्ची ऐकून घ्यायची.

"मॅडम, अपील गेलं का?" मयत बाईची धाकटी बहीण दारात येऊन विचारायची. "तो सुटलाय. पोरींना न्यायला येतो म्हणतोय. ताईच्या पोरी माझ्याकडेच आहेत हो."

"करते. मुदत आहे अजून."

एकदा अपील दाखल झालं, की ती खुर्चीतली इथं कशाला थांबेल? या विचारानं बाई सही उद्यावर ढकलायच्या.

मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला. फक्त सही राहिली होती.

खुर्ची कुरकुरली. पुन्हा कुरकुरली.

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. परत लावलं.

"नको ना जाऊस," त्या म्हणाल्या.

खाली अपील दाखल करायची खिडकी बंद झाल्याचा आवाज आला. इस्त्रीचा वास नाहीसा झाला.

"झालं ना, मॅडम?" दारात बहीण उभी होती.

बाईंना तिच्याकडे बघवेना. त्यांनी घाईघाईनं खुंटीवरचा कोट काढून अंगात चढवला.

हात बाहेर येईनात.

दोन्ही बाह्यांची तोंडं शिवून टाकलेली होती, बारीक, सुबक टाक्यांनी.