सर्जाचा पंधरा दिवसांचा पोळा

मंगळावरच्या आमच्या घुमटात पाणी होतं, खत होतं, दिव्यांचा उजेड होता. तरी नाचणी मरत होती. का, ते कुणालाच कळेना.

तीन वाफे वाळले. चौथा तेवढा उरला. पृथ्वीवरून धान्य यायला आठ महिने होते, आणि दुपारचं जेवण सगळ्यांनीच सोडलेलं. माझी आठ वर्षांची नात केतकी "भूक लागली" म्हणायचीसुद्धा थांबली होती. पोर मागायचं थांबलं, की समजावं, दिवस वाईट आलेत.

एकटा राबत होता तो सर्जा, आमचा माती उकरणारा यंत्रमानव. दर चार तासांनी वाफा खालीवर करायचा.

पोळा जवळ आला. केतकी म्हणाली, "आजी, आपला बैल हाच ना?"

मग आदल्या दिवशी आम्ही त्याच्या खांद्याच्या सांध्यांना तेल चोळलं. बैलांना म्हणतात तसं म्हटलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

"पोळा म्हणजे काय?" सर्जानं विचारलं.

केतकी म्हणाली, "वर्षभर राबणाऱ्याचे उपकार आठवायचे. त्याला काम सांगायचं नाही."

"किती दिवस?"

माझ्या जिभेला कुठलं हाड! म्हटलं, "पंधरा! आमच्या गावचे बैल पंधरा दिवस झोपाळ्यावर बसून पुरणपोळ्या हाणायचे."

सर्जा बसला तो बसलाच. माझा मुलगा भास्कर घुमटाचा प्रमुख. त्यानं हुकूम सोडले, हात जोडले.

"पोळा चालू आहे, भास्करराव."

हातानं उकरायला अंगात बळ कुणाच्या होतं? भास्कर माझ्यावर ओरडला, "आई, तुझ्या थापेपायी पोरं मरतील!"



तेराव्या दिवशी केतकीनं हाक मारली, "आजी, नवं पान!"

भास्करनं चिमूटभर माती सूक्ष्मदर्शकाखाली (बारीक वस्तू मोठी दाखवणाऱ्या यंत्राखाली) धरली. आत पांढरे धागे.

"कवकजाल," तो हळूच म्हणाला. (म्हणजे बुरशीच्या धाग्यांचं जाळं.) "मुळं पोचत नाहीत तिथलं पाणी नि क्षार हे ओढून आणतं. बदल्यात झाड त्याला साखर देतं."

"मग आधी का नव्हतं?" मी विचारलं.

"सर्जा रोज तोडत होता. जास्त उकरलं की जास्त पिकेल, असं आम्हीच त्याला शिकवलं."

तीन महिन्यांनी त्या वाफ्याची भाकरी झाली, माणशी चतकोर. केतकीनं पहिला तुकडा मातीतल्या धाग्यांपाशी ठेवला. "आवतण दिलं नव्हतं तुला, तरी जेव."

मग सर्जाकडे वळली. "तुझेही उपकार. काही केलं नाहीस म्हणून."

मेलेल्या तिन्ही वाफ्यांत आम्ही चौथ्याची मूठमूठ माती टाकली, आणि उकरलं नाही.

सर्जा बघत उभा होता. म्हणाला, "आजी, पुढच्या पोळ्याला झोपाळा मिळेल?"